मुंबई, दिल्ली, बंगळुरू : तीन शहरांतल्या संस्थांचे हिशेब शेजारी मांडताना

मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या तीन संस्था, तीन शहरांत. देणगी देण्याआधी त्यांचे ताळेबंद शेजारी ठेवून बघायचे, एवढंच काम. पण कोणता कागद कुठे मिळेल, हे शहर बदललं की बदलतं. म्हणून मी सुरुवात आकड्यांपासून न करता कागदांपासून करतो.

मुंबईत हे काम सोपं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाचे (ट्रस्टचे) हिशेब दरवर्षी तपासून त्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. मी परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे न्यासाच्या नोंदणीचा उतारा, आणि तीन वर्षांचे ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रकं व लेखापरीक्षकाचे अहवाल यांच्या नकला मागतो. अर्जावर नुसता नोंदणी क्रमांक पुरत नाही, त्याआधीचं अक्षर लागतं. ‘ई’ म्हणजे धार्मिक नसलेला न्यास, ‘एफ’ म्हणजे १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली संस्था. ‘एफ’वाल्यांचे क्रमांक दोन असतात, भलताच लिहिला की फाईल सापडत नाही.

उतारा हातात आला की त्यावरची विश्वस्तांची नावं ताळेबंदावरच्या सह्यांशी ताडून बघतो. पुष्कळदा जुळत नाहीत. विश्वस्त बदलला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेलेला असतो किंवा वर्षानुवर्षं प्रलंबित असतो. तेवढ्यावरून मी संस्थेला खोटं ठरवत नाही, अर्जाची पोच मागतो.

लेखापरीक्षकाच्या अहवालातली ठरावीक प्रश्नावली मात्र ओळ न् ओळ वाचावी. वर्षाहून अधिक काळ येणं असलेल्या रकमा किती, बुडीत धरून निर्लेखित किती केल्या, ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का, कलम ३५ मध्ये दिलेल्या गुंतवणुकीच्या मार्गांबाहेर पैसे कुठे गुंतवले का. सगळ्या उत्तरांत ‘नाही’ आणि ‘लागू नाही’ एवढंच असेल आणि ताळेबंदात नवी इमारत दिसत असेल, तर फोन करून विचारायलाच हवं.

दिल्लीत धर्मादाय आयुक्त हे पदच नाही. न्यासपत्र उपनिबंधकाकडे नोंदवलं जातं. संस्था १८६०च्या कायद्याखाली नोंदलेली असेल तर त्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यकारिणीची यादी दरवर्षी द्यायची, त्यात हिशेब येत नाहीत. त्यामुळे तिथे कागद संस्थेकडूनच मागावे लागतात. मी आयकरासाठीचा लेखापरीक्षण अहवाल मागतो. १९६१च्या आयकर कायद्याखालच्या अलीकडच्या वर्षांत ५ कोटींवर उत्पन्न, परदेशी देणगी किंवा भारताबाहेर केलेला खर्च असेल तर नमुना १०बी, एरवी १०बीबी. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी असेल तर प्रश्न मिटला: कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कुणालाही तिची कागदपत्रं बघता येतात. बंगळुरूला संस्था नोंदणीचा कर्नाटकचा १९६०चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे यादीसोबत ताळेबंदही निबंधकाकडे जातो. अहमदाबादेत मुंबईसारखंच चित्र दिसतं, कारण मुंबई राज्याचा कायदा गुजरातने पुढे चालू ठेवला.

कागद जमले की लोक ‘प्रशासकीय खर्च किती टक्के’ हा एकच आकडा काढून मोकळे होतात. मला हा आकडा जसाच्या तसा मुळीच मान्य नाही. महाराष्ट्रातल्या परिशिष्ट नऊमध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रकाच्या नमुन्यात, रकाने ठरलेले आहेत: मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, लेखापरीक्षण शुल्क, घसारा, आणि मग ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’, त्यात शैक्षणिक, वैद्यकीय असे पोटभाग. दिल्लीच्या न्यासाच्या पत्रकात बहुधा ‘वेतन’ अशी एकच ओळ असते. समजा एकूण खर्च ४० लाख आणि वेतन २२ लाख. सगळं वेतन प्रशासनात धरलं तर ५५ टक्के. त्यातले १८ लाख शिक्षकांचे निघाले तर उरले ४ लाख, म्हणजे १० टक्के. संस्था तीच, पैसे तेच! म्हणून मी वेतनाची फोड पदांनुसार मागतो आणि प्रत्येक शहराचं पत्रक परिशिष्ट नऊच्या रकान्यांत स्वतः भरतो. उलटही घडतं: मुंबईतल्या काही संस्था कार्यालयाचं भाडंसुद्धा ‘शैक्षणिक’मध्ये घालतात. भाडेकरार मागितला की जागा कशासाठी आहे ते कळतं.

कायम निधीसाठीची, म्हणजे मुद्दल राखून ठेवायची देणगी बहुधा थेट ताळेबंदात जाते, उत्पन्नात दिसत नाही. त्या वर्षी संस्था तोट्यात वाटते. विशिष्ट कामासाठी आलेलं, पण खर्च न झालेलं अनुदान काही जण देणी म्हणून दाखवतात, काही उत्पन्न म्हणून. या दोन्ही गोष्टी सगळ्या संस्थांसाठी एकाच पद्धतीने मांडल्याशिवाय तुलना करू नये.

परदेशी देणगीला शहर लागू नाही. ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तिच्यातून प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. या खात्याचा हिशेब मी वेगळा मांडतो.

एकाच संस्थेच्या अनेक शहरांत शाखा असतील तर पॅन एकच, विवरणपत्रही एकच. मुख्य कार्यालयाने शाखेला पाठवलेले १० लाख एकदा तिकडे खर्च आणि पुन्हा शाखेत खर्च असे दोनदा मोजले जातात. शाखांच्या खर्चाची बेरीज एकत्रित पत्रकापेक्षा जास्त आली, तर आधी शाखांना पाठवलेल्या रकमांची यादी मागवावी.