घाईतला बुवा

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला तो स्पीकरची जोडी घेऊनच. दुपारी जेवणं उरकल्यावर त्याने ती समोरच्या खोलीत मांडली. भिंतीपासूनचं अंतर मोजपट्टीने मोजलं, खुर्ची बरोब्बर मधोमध ठेवली. "काका, इथंच बसा. मान हलवू नका."

मान न हलवता भजन ऐकायचं! बसलो.

त्याने मोबाइलवरून आमच्याच ओळखीचं खंजिरी भजन लावलं. खोटं कशाला बोलू, आवाज चोख होता. खंजिरीच्या चकत्या मोजून घ्याव्यात, बुवाने श्वास कुठे चोरला तेही कळावं. माय दारात वाती वळत बसली होती. दोन कडवी झाल्यावर म्हणाली, "हा बुवा इतक्या घाईत काऊन गाऊन राह्यला?"

माझ्याही मनात तेच चाललं होतं.

हे भजन आमच्या घरी कॅसेटवर होतं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे, असा जगाचा नियम. आमच्या टेपचा रबरी पट्टा सैल पडलेला, तो नियम पाळायचा नाही. वेग ६ टक्क्यांनी घटला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पेटीच्या काळी एक पट्टीतला बुवा शेजारच्या पांढरी एकवर येतो. आबांनी पेटीवर तोच सूर शोधला, अन् भजनी मंडळ पुढे कायम त्याच सुरात गायलं. लाइन गेली की टेप सेलवर. सेल उन्हात वाळवून किती दिवस पुरणार? बुवा आणखी म्हातारा व्हायचा.

त्यातून खोलीत कापूस. वेचणी सुरू झाली की तो आढ्यापर्यंत रचला जायचा. त्यावर लोळायची पोरांना सक्त मनाई, म्हणून आम्ही तिथेच लोळायचो. नाकात सरकीचा वास, कोनाड्यात टेप. आवाज भिंतीवर आपटायचाच नाही, कापूस तो पिऊन टाकायचा. पुतण्या म्हणतो, याच कामासाठी लोक आता पैसे मोजून भिंतीला जाड मऊ तक्ते लावतात. आम्ही आमचे तक्ते दरवर्षी गाडीत भरून विकत होतो. गाडी गेली की खोली एकदम मोठी व्हायची, अन् बुवा विहिरीतून गायल्यासारखा. तेवढे दिवस आबा टेप लावत नसत. आता कापूस शेतातूनच थेट जिनिंगला जातो, खोलीत फरशी बसवली आहे.

पुतण्या हुशार. मोबाइलमध्ये गती कमी करायची सोय त्याने शोधून काढली. गती कमी झाली, पण सूर होता तिथंच राहिला. शब्द नुसते ताणले गेले.

माय म्हणाली, "आता तं त्याले झोप आली."

ती उठून आत गेली. वाती ताटलीत तशाच राहिल्या. मी अजून मान न हलवता बसलो होतो.