जेवणाच्या सुट्टीत हँग होणारा सर्व्हर

मी कम्प्युटर दुरुस्तीवाला. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, सीझनमध्ये शेठचा फोन आला की समजून घ्यायचं, काट्याचं काहीतरी आहे. प्रिंटर बंद पडला तर हे लोक हातानं लिहितात, टॅली अडकली तर सीएला शिव्या घालून दोन दिवस काढतात, पण वजनकाटा थांबला की गेटच्या बाहेर ट्रॅक्टर, मेटॅडोर, बंड्या सगळ्यांची लाइन रोडपर्यंत जाते आणि रात्रीपासून नंबर लावून बसलेला शेतकरी कोणाचंच ऐकत नाही, ऐकायचं तरी का त्यानं.

वणीकडच्या एका जिनिंगची गोष्ट आहे, नाव नाही घेत. २०२४ ची दिवाळी झाली होती, लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ७५२१ आणि खाजगीत त्याच्या खाली, त्यामुळं वजनाच्या एकेक किलोवरून लोक चिडलेले. त्यात यांचा सर्व्हर हँग होऊन राहिला होता. आता सर्व्हर म्हणजे काही एसी रूममधला रॅक नाही, काटा केबिनमध्ये टेबलाखाली ठेवलेला असेंबल केलेला डेस्कटॉप, इंटेलची चौथी पिढी, विंडोज १०, त्यावर काट्याचं सॉफ्टवेअर अन् सगळा डेटाबेस, आणि ऑफिसचे पीसी नेटवर्कवरून त्यालाच जोडलेले. काट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्यातून, सिरीयल केबल येते, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, चिठ्ठी. एवढंच काम, पण हे थांबलं की सगळं थांबलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो हँग अवस्थेतच ठेवायला सांगितला होता, बंद करू नका म्हटलं, मला येऊ द्या. कारण बहुतेक लोक काय करतात, बटन दाबून धरतात, चालू करतात आणि मग आपल्याला म्हणतात आता तर चालून राहिला! जाऊन पाहिलं तर स्क्रीनवर सगळं जसंच्या तसं, माउस हालत नाही, कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डवरचा लाइट लागत नाही, दुसऱ्या पीसीवरून पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, तर उत्तर नाही. हे पाहणं महत्त्वाचं असते बरं का. पिंगला उत्तर येऊन राहिलं आणि फक्त स्क्रीन अडकली तर डिस्क नाहीतर सॉफ्टवेअरकडे संशय जातो. इथं तर कॅप्स लॉकसुद्धा मेलेला, म्हणजे मशीन मुळातूनच गोठलेलं. हे हार्डवेअरचंच असणार असं मी मनात धरलं.

जिनिंगमध्ये पहिला संशय कोणावर जाणार, रुईवर. हवेत रुईचे तंतू उडत असतात, डोक्यावर, भुवयांवर, चहाच्या कपात, सगळीकडे. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी गादी बसलेली. शेठ लगेच खूश, "पाहा, मी म्हटलं नव्हतं!" ब्लोअरनं साफ केलं, पंखा काढून धुतला, थर्मल पेस्ट नवीन लावली, टेम्परेचर पन्नाशीत आलं, सगळ्यांनी मिळून चहा पिला आणि मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन, पुन्हा अटकला.

मग नेहमीचा क्रम. डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा रिपोर्ट पाहिला, साफ. अर्थिंग पाहिलं, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन व्होल्टच्या आत, म्हणजे ठीक (मीठ-कोळशाचा खड्डा यांनी उन्हाळ्यातच नवीन केला होता, त्याचं कौतुक मला तेवढ्यात दोनदा ऐकवलं). गाठी बांधायच्या प्रेसची मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज पडते का ते पाहिलं, पडते, पण यूपीएस सांभाळून घेते आणि त्या वेळेस सर्व्हर कधी हँग झालाच नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ (नीट बंद न होता मशीन पुन्हा चालू झालं अशी नोंद), बिघाडाचा म्हणजे बगचेक कोड शून्य, डम्प फाइल नाही. शून्य म्हणजे विंडोजला स्वतःलाच समजलं नाही काय झालं ते, निळी स्क्रीन यायलासुद्धा सवड मिळाली नाही. रॅमवर संशय होता म्हणून रात्रभर मेमटेस्ट, रॅम तपासायचा प्रोग्राम, लावून ठेवला, सकाळी पाहतो तर एकही एरर नाही. आणि रात्रभर मशीन चालू राहिलं. ही दुसरी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात नुसती नोंदवली गेली, तिचा अर्थ नंतर लागला.

आता मधली भानगड सांगतो, जी मला नंतर कळली. काट्यावर जे काका बसतात ते तिथं शेठच्या वडलांच्या काळापासून आहेत. सर्व्हर हँग झाला की इंडिकेटर तर चालूच असतो, त्यावरचा आकडा पाहून काका हातानं चिठ्ठी लिहितात. हातची चिठ्ठी म्हटली की शेतकऱ्याला पटत नाही आणि शेठलाही पटत नाही. आणि योगायोग असा की हँग झाला हे दरवेळेस काकाच सांगत येणार. जेवून आले की हँग. सकाळी केबिन उघडली की हँग. शेठनं मला बाजूला घेतलं अन् हळूच म्हणाला, "भाऊ, तुले काय वाटते, काका तर नाही ना काही करून राहिले? हातची चिठ्ठी लिवाले मिळावं म्हणून?" मी काही बोललो नाही. खरं सांगू का, असं होतही असते, मी दोन-चार ठिकाणी नेटवर्कची वायर मुद्दाम काढलेली पाहिली आहे. पण वायर काढणं वेगळं आणि मशीन असं गोठवणं वेगळं, कॅप्स लॉकसकट मशीन गोठवायची कला त्या काकांना येत असती तर मी त्यांना माझ्याकडेच कामाला ठेवलं असतं.

तरी शेठनं त्यांना काट्यावरून उचललं आणि सरकीच्या गोदामावर पाठवलं, काट्यावर भाच्याला बसवलं. काका काही बोलले नाहीत, फक्त आपलं रजिस्टर सोबत घेऊन गेले.

आणि भाच्याच्या राज्यातही सर्व्हर हँग झालाच! आता शेठचं म्हणणं, काकांनी आधीच काहीतरी करून ठेवलं असेल. काय म्हणावं.

मी गोदामावर गेलो काकांना भेटायला. सरकीच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं काका, कधी कधी बंद पडायचा सांगा बरं नीट. ते म्हणाले, "मले काय विचारता जी, मी तं चोर आहो." मग थोड्या वेळानं रजिस्टर उघडलं. हातानं चिठ्ठी लिहिली की ते त्यापुढं वेळ टाकत होते, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता यावं. वेळा पाहिल्या तर सगळ्या जेवणाच्या सुट्टीनंतरच्या, नाहीतर सकाळच्या पहिल्या गाडीच्या. आणि बोलता बोलता ते म्हणाले, "दिवसभर गाड्या राह्यल्या की काहीच होत नाही त्याले, मस्त चालते. जरा निवांत झाला की झोपते लेकाचा."

मी तिथंच थांबलो. आपण सगळे गरम होते, लोड येते, रुई बसते याच्या मागं लागलो होतो आणि हे मशीन तर काम नसताना मरून राहिलं होतं. रात्रभर मेमटेस्टमध्ये का नाही मेलं, तर मेमटेस्ट प्रोसेसरला एक क्षण बसू देत नाही.

परत केबिनमध्ये येऊन त्या दिवशीचा हँग झालेला स्क्रीन पाहिला, भाच्यानं अजून रीस्टार्ट केला नव्हता. खाली कोपऱ्यातलं घड्याळ १:३८ वर थांबलेलं. भाच्याला विचारलं तुला कधी समजलं, तर म्हणे दोन वाजून गेल्यावर, गाडी आली तेव्हा. १:३८ ला केबिनला कुलूप होतं आणि किल्ली शेठच्या खिशात! हे घड्याळ सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं रोज. चालू केल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६००८ ची नोंद आली, म्हणजे मशीन अमुक वेळेला अचानक बंद पडलं अशी, तीसुद्धा त्याच वेळेच्या आसपासची. मागच्या नोंदी काढून काकांच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या तर प्रत्येक वेळेस मशीन आधी गोठलेलं आणि काका नंतर आलेले.

आता कारण. प्रोसेसरला काम नसलं की तो स्वतःला झोपवतो, त्याच्या पायऱ्या असतात, सी-स्टेट म्हणतात त्यांना, सी-१, सी-३, सी-६, सी-७, जेवढा आकडा मोठा तेवढी झोप गाढ आणि वीज कमी. इंटेलची चौथी पिढी, हॅसवेल, २०१३ साली आली तेव्हा ही झोप इतकी गाढ झाली की प्रोसेसर १२ व्होल्टच्या लाइनवरून ०.०५ अँपिअर एवढाच करंट ओढू शकतो. त्याच्या आधीच्या काळातले एसएमपीएस, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणारे डबे, कमीत कमी ०.५ अँपिअर लोड धरून बनवलेले असायचे, म्हणजे दहापट. भरल्या बंडीला नीट चालणारा बैल रिकाम्या बंडीला उधळतो, तसं जुन्या एसएमपीएसचं होते. त्यातही स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही एकाच रेग्युलेशनवर बांधलेले असतात, १२ वर लोड नसलं की तो चढतो आणि ५ वाला खाली दबतो.

शेठला विचारलं हा एसएमपीएस कधी बदलला होता का. आधी म्हणे नाही. मग भाचा म्हणाला, पावसाळ्यात वीज पडली होती ना मामा, तेव्हा तालुक्याच्या दुकानवाल्यानं एक टाकून दिला होता. म्हणजे कुठल्यातरी भंगार मशीनमधला. लेबल पाहिलं तर हॅसवेलच्या कितीतरी आधीचा. पावसाळ्यात जिनिंग बंद, सर्व्हर बंद, त्यामुळं तेव्हा कोणाला काही समजायचं कारणच नव्हतं.

मल्टिमीटर लावला, पिवळी आणि काळी वायर. एटीएक्सच्या, म्हणजे एसएमपीएससाठी ठरलेल्या मापाच्या, हिशोबानं १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये पाहिजे. गाड्या सुरू असताना १२.१, १२.२. दुपारी सगळे जेवायला गेले, ऑफिसचे पीसीही थंड, आणि मी तिथं डबा खात मीटरकडे पाहत बसलो. आकडा वर सरकत सरकत १२.७ च्या पुढं गेला. थोड्या वेळानं घड्याळ थांबलं. आनंद झाला हो, खोटं कशाला बोलू, समोर गाड्यांची लाइन लागणार होती आणि मी एकटाच हसून राहिलो होतो.

नवीन एसएमपीएस नागपूरवरून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत येईपर्यंत बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन सी-६, सी-७ बंद करून टाकले, प्रोसेसरला म्हटलं तू झोपूच नको. हँग होणं लगेच थांबलं. वीज थोडी जास्त खाल्ली असेल, पण जिनिंगच्या बिलात ते कुठं दिसते. मग नवीन एसएमपीएस टाकला आणि मुद्दाम सी-स्टेट पुन्हा चालू केले, कारण नाहीतर सिद्ध काय होणार, दोन्ही बदल एकदम ठेवले तर कशानं बरा झाला ते कधीच कळत नाही. दुपार गेली, रात्र गेली, सकाळी केबिन उघडली तर घड्याळ चालू.

तालुक्याच्या दुकानवाल्याला फोन केला तर तो म्हणे, "मी टाकला तेव्हा तं चालला होता, चेक करून देल्ला." ते पण खरंच आहे, त्यानं चालू करून पाहिला, विंडोज आली, गाणं लावून पाहिलं, गेला. रिकामं सोडून कोण पाहते.

शेठला घड्याळ, ६००८ च्या नोंदी आणि रजिस्टर तिन्ही समोर ठेवून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग एसएमपीएसच्या बिलावर घासाघीस सुरू केली, एवढ्याशा डबड्याचे इतके पैसे म्हणून. काकांना बोलवायला भाच्याला पाठवलं तर काका आले नाहीत, "ज्यानं पाठवलं त्यालेच घ्याले येऊ दे" असा निरोप आला. शेठ गेला गोदामावर, काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण अर्ध्या तासानं काका रजिस्टर काखेत घेऊन केबिनमध्ये आले, खुर्चीवरची भाच्याची उशी उचलून बाहेर ठेवली आणि पहिली गाडी घेतली.

शेठनं मनातला संशय काही सोडला नाही, केबिनच्या आत एक कॅमेरा लावूनच टाक म्हणे, हिशोब बरा राहतो. काका गाडीचा नंबर टाकता टाकता म्हणाले, "लाव ना, पण कम्प्युटरचं घड्याळ दिसन असा लावजो." तो कॅमेरा मीच लावला, आणि बिल या वेळेस घासाघीस न करता निघालं.