घोंगडे पांघरलेले पॅनेल

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे पत्राकामाचे वर्कशॉप आहे. भट्टी, बॉयलर किंवा ड्रायर यांच्या शेजारी नाइलाजाने उभ्या राहिलेल्या यंत्रांना उष्णतेपासून वाचवणारी, सुटे भाग जोडून उभी करता येणारी आवरणे आम्ही तिथे बनवतो. या कामात बरीच वर्षे काढल्यावरही एक साधी गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. ती एप्रिलमधल्या एका दुपारी, जवळच्याच एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, माझ्या लक्षात आली.

त्या फौंड्रीत इंडक्शन भट्टीपासून जेमतेम तीन मीटरवर एक कंट्रोल पॅनेल होते. भट्टीचा धूर ओढून घेणाऱ्या ३७ किलोवॅटच्या ब्लोअरचा ड्राइव्ह, म्हणजे त्याच्या मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, त्यात बसवलेला होता. ऊन चढले की हा ड्राइव्ह तापून ट्रिप होई, म्हणजे आपोआप बंद पडे, आणि ब्लोअर थांबला की काही मिनिटांत शेडभर धूर कोंडे. पॅनेल दुसरीकडे हलवायचे तर केबलचा चर नव्याने खोदावा लागणार होता आणि तेवढे दिवस भट्टी बंद ठेवणे मालकांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी मला बोलावले.

वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, लॅडलमध्ये (धातू वाहून नेण्याच्या मोठ्या भांड्यात) ओतताना सुमारे १४५० अंश सेल्सिअसच्या पुढे असते. इतक्या तापलेल्या पृष्ठभागाची आच हवेतून फारशी वाहत येत नाही, ती मुख्यतः किरणांनी सरळ समोरच्या वस्तूवर पडते. त्यामुळे भट्टीच्या बाजूला चकचकीत स्टेनलेस पत्रा, मध्ये उष्णता अडवणारे ५० मिलीमीटर सिरॅमिक फायबर ब्लँकेट आणि आतून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, अशी रचना मी ठरवली. पॅनेलला चारही बाजूंनी आणि वरून झाकणारी अकरा मॉड्यूल तयार झाली. बहुतेक ४०० मिलीमीटर रुंद, १८०० उंच आणि सुमारे १८ किलो वजनाची होती, म्हणजे क्रेनशिवाय दोन माणसांना सहज उचलता यावीत अशी. एक मीटर स्टेनलेस पत्रा १०० अंशांनी तापला की पावणेदोन मिलीमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून बोल्टची भोके गोल न ठेवता लांबट ठेवली. फायबरचा बारीक तंतू इलेक्ट्रॉनिक कार्डांवर बसू नये यासाठी प्रत्येक मॉड्यूलच्या कडा पूर्ण बंद केल्या. मन लावून केलेले काम होते ते.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही आवरण उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दोन हीट, म्हणजे वितळलेल्या धातूच्या दोन खेपा, निघाल्यावर दार उघडून आतल्या पत्र्यावर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन धरली, तेव्हा आकडा आला ३९. मी समाधानाने मालकांना तो सांगितलाही. एक वाजून गेल्यावर मात्र ब्लोअरचा आवाज खाली खाली येत थांबला आणि छताखाली धूर साचू लागला.

पळत जाऊन दार उघडले तेव्हा तव्यावरची वाफ तोंडावर यावी तशी झळ आली. गन पुन्हा आतल्या पत्र्यावर धरली, तर ४३. अंगाला लागलेली झळ आणि समोरचा आकडा यांचा मेळ बसेना. मग खिशातल्या काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा पत्र्यावर चिकटवला, दार लावले, दहा मिनिटांनी उघडून गन त्या तुकड्यावर धरली आणि आकडा ६१ झाला. चकाकणारा पत्रा स्वतःची उष्णता फार थोडी बाहेर टाकतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. उघड्या दारातून गन त्या पत्र्याचे तापमान कमी आणि शेडचेच जास्त वाचत होती. थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार आत सोडून खात्री केली, तर हवाही ५८ वर होती. ड्राइव्ह साधारण ४० अंशांपर्यंत पूर्ण भार घेतात.

भट्टीवरचे मामा हे सारे शेजारी उभे राहून बघत होते. ते जतकडचे, मेंढपाळ घरातले. त्यांनी आवरणाच्या मागच्या बाजूला हात लावला, ती गारच होती. ते म्हणाले, "साहेब, आपण त्येला घोंगडं पांघरलंय. भायेरचं ऊन आत येईना ते खरं, पन आतली ऊब भायेर कशी जायाची?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या आराखड्यात कुठेच नव्हते. ड्राइव्हमधून जाणाऱ्या विजेपैकी साधारण तीन टक्के उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ३७ किलोवॅटवर ही सुमारे एक किलोवॅट झाली, म्हणजे पाणी तापवायचा एक रॉड त्या बंद पेटीत अखंड चालू होता. पॅनेलचा पंखा तीच हवा फिरवून पुन्हा आत घेत होता. बाहेरच्या आगीचा मी कसून विचार केला होता, आतल्या रॉडचा मुळीच नाही.

आवरण वेल्डिंग केलेले असते तर कटर लावावा लागला असता. इथे बोल्ट सोडवायचे पाने होते आणि आमची तीन माणसे होती. भट्टी दोन तास थांबवली. बाजूंची चार, मागच्या दाराची दोन आणि वरचे एक मॉड्यूल उतरवले. भट्टीकडची तीन मॉड्यूल पॅनेलपासून १५० मिलीमीटर पुढे सरकवून, जमिनीपासून १०० मिलीमीटर उचलून पडद्यासारखी उभी केली, म्हणजे त्यांच्या मागे तापलेली हवा चिमणीसारखी वर निघून जाईल. उरलेले एक वर तिरके बसवले, ठिणग्या पॅनेलवर पडू नयेत म्हणून. उत्तरेच्या भिंतीबाहेरून सावलीतली हवा आणणारी एक डक्ट पंख्याला जोडली.

पाचच्या सुमारास हीट निघाली. लॅडल भरताना पडद्याचा पत्रा नारिंगी उजळला. त्याच्या मागे थर्मोकपल ४३ वर येऊन स्थिरावला. ड्राइव्ह गरजेपेक्षा एक माप मोठा असल्याने तेवढे त्याला सोसण्यासारखे होते. सहाची हीटही निघाली, ब्लोअर चालूच राहिला. मामांनी पॅनेलच्या बाजूला तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मानेनेच "बरं हाय" म्हटले.

आमच्या मापाच्या कागदावर तेव्हापासून लांबी-रुंदीच्याही आधी "आत किती वॅट?" असा रकाना आहे. उतरवलेली सात मॉड्यूल त्याच रात्री टेंपोत घालून परत आणली आणि त्यांचे पैसे बिलातून वजा केले.