बक्षीस मार्चमध्ये, खरं काम मे महिन्यात

कॉलेजांच्या प्रकल्प स्पर्धा बहुतेक उन्हाळ्याआधी उरकतात. ढाल मिळते, फोटो निघतात. पण गावातल्या शाळेच्या बोअरभोवती केलेला पुनर्भरणाचा खड्डा, म्हणजे छताचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडणारा खड्डा, साफ करायची वेळ येते मे अखेरीस, मृगाच्या तोंडावर. नेमकं तेव्हाच वसतिगृह रिकामं झालेलं असतं. चांगल्या संघांचं काम सुटतं ते इथे. मुलांची तळमळ कमी नसते, वेळापत्रक जुळत नाही.

एक वर्ष साफसफाई चुकली तर काय बिघडतं? खड्डा साधारण २ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल. तळाला ६० सेंमी मोठे दगड, त्यावर ५० सेंमी जाड खडी, ३० सेंमी बारीक खडी, मग शेडनेट आणि त्यावर ३० सेंमी वाळू. वर ३० सेंमी मोकळं. केसिंगला, म्हणजे खड्ड्यातून खाली जाणाऱ्या बोअरच्या पाइपला, ५ मिमीची छिद्रं फक्त दगड-खडीच्या उंचीत, बाहेरून नायलॉनची जाळी आणि काथ्या. छतावरची धूळ आणि पाला पाण्याबरोबर येतो, वाळूवर चिकट साका धरतो. पाणी जिरत नाही, तुंबतं. मग कुणीतरी काठीने वाळू उकरतं, आणि तिथेच घात होतो. गाळ खाली उतरतो, कुजलेल्या काथ्यातून केसिंगमध्ये शिरतो. आपल्याकडचा काळा खडक पाणी घेतो ते भेगांमधून. आडातला गाळ उपसता येतो, पण बोअरच्या भेगेत बसलेला गाळ सहसा निघत नाही. मदत म्हणून केलेल्या कामाने गावाचा बोअर गेला, असं होऊ देऊ नका.

म्हणून उकरायचं नाही, वरची ५ सेंमी वाळू खरवडून काढायची. ४ चौरस मीटरला ती ०.२ घनमीटर, म्हणजे पंधरा-वीस घमेली. दोघांचं अर्ध्या दिवसाचं काम. धुऊन, वाळवून परत पसरायची. काथ्या बदलायचा तर खडी उपसावी लागते, त्याला सहा-सात जण हवेत. संपूर्ण वाळू बदलायची वेळ आली तर अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी कमी लागते. बक्षिसाच्या रकमेतून तेवढे पैसे आधी बाजूला काढा, सत्काराचा खर्च नंतर.

पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी खड्ड्यात सोडू नका. पन्हळीखालच्या पाइपला पाणी बाहेर वळवायचा व्हॉल्व्ह असतो, तो उघडा ठेवा आणि छत धुऊन जाऊ द्या. रस्त्याचं किंवा शेतातलं पाणी पिण्याच्या बोअरकडे वळवायचंच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यात शेण, खत, फवारणीचं औषध सगळं असतं.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. २०० चौरस मीटरच्या छतावर हंगामात ६०० मिमी पाऊस झाला आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं, तर ९६ हजार लिटर होतात. पाच-सहा शाळांची छतं म्हणजे तशी एक गाडी.

आता माणसांचं. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास असतात, त्यातले काही मे-जूनसाठी राखून ठेवा. संघात त्याच गावचे किंवा शेजारच्या गावचे दोघं असायलाच हवेत, सुट्टीत तेच जवळ असतात. शेवटच्या वर्षाच्या मुलाने धाकट्याला सोबत घेऊन एक साफसफाई हाताने करवून घ्यावी. नुसतं सांगून ते कळत नाही.

पाण्याची नोंदही सुटू नये. पंप बसवलेल्या बोअरमध्ये टेप नीट उतरत नाही, म्हणून जवळच्या विहिरीची पातळी घ्या. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. सकाळी मोटार सुरू होण्याआधी, काठावरच्या त्याच रंगवलेल्या खुणेपासून.

फावडी, घमेली, जाळी आणि नोंदवही शाळेतच ठेवा. कॉलेजच्या खोलीत ठेवली की मे महिन्यात ती कुलपाआड असतात.