झोम्बातली आजची सकाळ
मलावीत रिसर्चसाठी येऊन तीन महिने झाले, आज झोम्बाजवळच्या एका हेल्थ सेंटरवर बसले होते तर बाकाच्या अगदी टोकाला एक सोळा वर्षांची पोर, चितेंजे म्हणजे इथल्या बायका नेसतात ते कापड, पोटावर घट्ट गुंडाळलेलं, हातात हेल्थ पासपोर्ट म्हणजे इथली दवाखान्याची वही, तिचे कोपरे पार चुरगळून टाकलेले. सातवा महिना आणि पहिलीच तपासणी!! डब्ल्यूएचओ २०१६ पासून किमान आठ सांगतंय. आधी का नाही आलीस विचारलं तर म्हणाली, बायका बघतात. २०१७ ला घटनादुरुस्ती करून इथे लग्नाचं वय १८ केलं, फार चांगलं झालं, पण या बाकावरच्या नजरांचं काय? आमच्या फॉर्ममध्ये दवाखाना किती किलोमीटर असा रकाना आहे, लाजेला रकानाच नाही, तो घालायलाच हवा. तिथली नर्स उठून तिच्या शेजारी जाऊन बसली, आधी शाळेबद्दल बोलली, मग हळूच बीपी घेतलं.