मागच्या चाकातली टकटक

कालच गाडीचे मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) बदलून घेतले आणि आज चेंबूर नाक्याला सिग्नलला ब्रेक दाबला तर मागून टक्, सोडला की परत टक्, आई मागे बसलेली म्हणून जास्तच टेन्शन आलं. संध्याकाळी आमच्या मिस्त्रीकाकांनी ड्रम (शूवर बसणारा, चाकाबरोबर फिरणारा डबा) उतरवला. स्प्रिंगा, अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) सगळं जागेवर, पण शूच्या कडा मागच्या पत्र्यावरच्या ज्या उंचवट्यांवर सरकतात ते कोरडे ठणठणीत, आणि एकावर तर नख अडकेल एवढी खाच, शू तिथेच अडकून सुटत होता! खाच घासून सपाट केली, उंचवट्यांवर ब्रेकचं ग्रीस अगदी बोटाने पुसल्यासारखं पातळ लावलं (लायनरला, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराला लागलं तर ब्रेकच लागणार नाही, ते जपायचंच). येताना आवाज नाही, आई निवांत झोपली होती.