दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं

मला कोणी विचारलं ना की एखादा हॉरर सांग, तर मी आधी उलटं विचारते, तुला दचकायचंय की घाबरायचंय? कारण दचकायचं असेल तर थेटरात काही ना काही लागलेलं असतंच, जरा वेळ शांतता, मग कपाटातून धाडकन कोणीतरी बाहेर आणि स्पीकर कानात. माझं त्याच्याशी भांडण नाही, पॉपकॉर्न सांडतो, शेजारची बाई किंचाळते, मजा येते, आणि घरी येऊन मस्त झोपही लागते. तिथेच सगळं फसतं. माझी झोप ज्यांनी उडवली ते जवळपास सगळे पिक्चर फाटक्या खिशातून काढलेले आहेत, आणि त्यातले निम्मे आपल्याकडे कोणी ऐकलेलेही नसतात.

यावर माझी एक थिअरी आहे, पटली तर बघा. पैसा असला की भूत दाखवावंच लागतं, व्हीएफएक्सवर एवढा खर्च केलाय तो वसूल नको व्हायला? मग कॅमेरा झूम होतो, म्युझिक चढतं, हिरोईनचे डोळे मोठे होतात, सगळे मिळून बोट दाखवतात की ते बघ, तिकडे आहे. गरीब पिक्चरात बोट दाखवायला कोणी नसतं. आपणच फ्रेमचे कानेकोपरे धुंडाळत बसतो आणि काही सापडलं तर ते आपल्याला एकट्यालाच सापडलेलं असतं, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

'लेक मुंगो' घ्या. ऑस्ट्रेलियाचा, २००८ चा, जोएल अँडरसन म्हणून डिरेक्टर आहे. सोळा वर्षांची ॲलिस धरणात बुडून गेलेली असते आणि घरचे लोक सोफ्यावर बसून कॅमेऱ्यासमोर तिच्याबद्दल बोलतात, बस. टीव्हीवरची डॉक्युमेंटरी असते तसंच सगळं. कलाकारांना पाठ करायला डायलॉग दिलेच नव्हते, प्रसंग सांगायचा आणि बोला म्हणायचं, त्यामुळे ते अडखळतात, मध्येच थांबतात, भलतंच काहीतरी आठवून हसतात, आणि आपण कुणाच्या तरी घरी भेटायला गेल्यासारखे अवघडून बसतो. मग मागच्या अंगणाच्या फोटोत एक धूसर आकृती दिसते. (स्पॉयलर आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी पुढच्या पॅऱ्यावर उडी मारा.) थोड्या वेळाने कळतं की ती भावाची करामत होती, आपण हुश्श करतो, आणि पिक्चर आपल्याला नेमकं तिथेच पकडतो. फोनवर काढलेला एक व्हिडिओ आहे, पिक्सेल फुटलेला, अंधारातून कोणीतरी चालत जवळ येतंय एवढंच, म्युझिक किंचाळत नाही, कट नाही, आणि तो चेहरा ओळखू आल्यावर मी अक्षरशः लॅपटॉप मिटला होता. पण कहर शेवटी आहे, नावं येत असताना आधीचेच शॉट परत दाखवतात आणि कळतं की आपण ज्या कोपऱ्यात बघत होतो त्याच्या दुसऱ्याच बाजूला ॲलिस उभी होती. मघापासून. आणि घरातल्या कोणालाच ते कळलेलं नाही. मला तर भीतीपेक्षा रडूच जास्त आलं.

आता एकदम मागे जाऊ, १९६२, 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. हर्क हार्वी हा माणूस अमेरिकेत कॅन्ससमध्ये कंपन्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट बनवायची नोकरी करायचा. एकदा गाडीने जाताना त्याला युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्याच्या काठावर ओसाड पडलेला साल्टएअर नावाचा भलामोठा पॅव्हेलियन, म्हणजे नाचगाण्याचा हॉल, दिसला आणि त्याच्या डोक्यातून तो जाईना. मग नोकरीतून रजा काढून, तीनेक आठवड्यांत, साधारण ३३,००० डॉलरमध्ये पिक्चर उरकला आणि पांढराफटक चेहरा करून भूत पण स्वतःच झाला. त्यात दुकानातला एक सीन आहे, बाई कपडे घालून बघते आणि बाहेर येते तर आवाज गेलेला, सेल्सगर्ल तिच्याकडे बघत नाही, कोणालाच ती दिसत नाही. या सीनला खर्च काय आला असेल? काहीच नाही. फक्त आवाज काढून घेतलाय. बाकी पिक्चरभर चर्चचा ऑर्गन वाजत राहतो आणि तो बंद झाला की जास्त भीती वाटते. प्रिंटवर कॉपीराइटची नोटीसच टाकली नव्हती म्हणून तो अमेरिकेत पब्लिक डोमेनमध्ये गेला, त्यामुळे नेटवर फुकट आणि राजरोस मिळतो. हार्वीने त्यानंतर एकही फीचर फिल्म केली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

'सेशन नाइन' (२००१) हा माझ्या मते टेंडर भरणाऱ्या माणसाचा हॉरर आहे. बंद पडलेल्या वेड्यांच्या हॉस्पिटलातून ॲस्बेस्टॉस काढायचं काम, पठ्ठ्या काम मिळावं म्हणून आठवड्यात करून देतो म्हणून बसतो, आणि मग माणसं एकमेकांवर चिडायला लागतात. शूटिंग अमेरिकेतल्या डॅन्व्हर्सच्या खऱ्याखुऱ्या बंद हॉस्पिटलात केलंय, सोललेल्या भिंती सेटच्या नाहीत. आपल्या रामसे बंधूंनी पण मुरुडचा नवाबाचा वाडा असाच वापरला, फरक एवढाच की त्यांना भुताचा मुखवटा दाखवल्याशिवाय राहवायचं नाही.

जपानचा 'नोरोई' (२००५) बघायला धीर लागतो, जवळजवळ दोन तास जुन्या टीव्ही क्लिपा जोडल्यासारखा चालतो, पण त्यात धरणाखाली गेलेल्या गावाचा धागा आहे आणि उजनीचं पाणी उतरल्यावर वर आलेलं पळसदेवचं देऊळ ज्यांनी बघितलंय त्यांना तो वेगळाच लागेल. 'स्किनामारिंक' मात्र मला झेपला नाही. १५,००० डॉलर, डिरेक्टरच्या आईवडिलांचंच घर, सगळं कौतुक मान्य, पण तासभर छताचा कोपरा आणि कार्पेट बघून मी घाबरायची सोडून उद्याच्या डब्याचा विचार करायला लागले. म्हणजे बोट दाखवू नका हे ठीक, पण कोपऱ्यात काहीतरी ठेवा तरी. आणि ते पात्रांनीच हातात कॅमेरा धरून हलवत जंगलात पळायचे पिक्चर तर शंभरातले नव्वद निव्वळ आळस आहेत.

मराठीत म्हणाल तर 'लपाछपी', २०१७, विशाल फुरियाचा. कर्जात बुडालेला नवरा गरोदर बायकोला घेऊन उसाच्या फडातल्या एका घरात लपायला येतो. ऊस हे काय भारी लोकेशन आहे, भर दुपारी दोन हातांपलीकडचं दिसत नाही आणि पानं सळसळतच असतात! पूजा सावंत चांगलीच आहे, पण मला भीती वाटली ती उषा नाईक यांची, नुसतं खाऊ घालतात, विचारपूस करतात, माया करतात, आणि त्या मायेनेच पोटात गोळा येतो. शेवटाकडे स्त्रीभ्रूणहत्येचा मुद्दा फारच समजावून सांगितलाय, तेवढं बोट दाखवायची गरज नव्हती, आपल्याला कळतं. यावरून फुरियानेच २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला आणि गंमत म्हणजे लोकांना तोच माहितीये. कृपा करून आधी मराठी बघा, दुपारी बघितला तरी चालेल, भर उजेडात पण तो तेवढाच चालतो.